खानदेशी उन्हाळ्यात निम बिन आणि मॉड्यूल सांभाळायची कशी?

पांझराकाठ
नमस्कार मंडळी. मी धुळे जिल्ह्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. पुण्याच्या एका संस्थेने त्यांची वापरातली पण जुनी झालेली न्यूक्लिअर इलेक्ट्रॉनिक्सची सामग्री आमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेला दिली आहे. एक निम बिन (मॉड्यूल म्हणजे सुटे इलेक्ट्रॉनिक डबे बसवायची आणि त्यांना वीज पुरवणारी चौकट), त्यात बसणारं हाय व्होल्टेज युनिट, अ‍ॅम्प्लिफायर, सिंगल चॅनल अ‍ॅनलायझर, टायमर-स्केलर आणि गॅमा किरण टिपणारा दोन इंची सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर. सोबत एक कॅमॅक क्रेटही (तशीच, पण दुसऱ्या पद्धतीची मॉड्यूल बसणारी चौकट) आलंय, त्याचं काय करायचं हे अजून कोणालाच सुचलेलं नाही.

हे सगळं सध्या जुन्या इमारतीत आहे. मे महिन्यात गावाबाहेरच्या नव्या इमारतीत टेम्पोने हलवायचं आहे. आमच्या शिपाईमामांनी काळजीपोटी टेबलावर नवीकोरी जळगावची प्लास्टिकची चटई अंथरून त्यावर मॉड्यूल ओळीने मांडून ठेवली आहेत. परवा त्यातलं एक उचलायला गेले तर बोटाला चांगलाच झटका बसला. वीज नव्हती हो, प्लग लावलेलाच नव्हता. स्टॅटिकच.

तर विचारायचं असं: एवढ्या कोरड्या हवेत ही मॉड्यूल हाताळायची कशी, हलवायची कशी आणि पुढची काही वर्षं टिकवायची कशी? शिवाय एक ज्येष्ठ सर म्हणतात, बिन चालू ठेवूनच मॉड्यूल काढता-घालता येतात. दुसरे म्हणतात, असं कधीही करू नका. खरं काय?

कापूसकोंड्या
आधी ती चटई काढा. बाकीचं नंतर बोलू.

वांग्याचं_भरीत
जळगावच्या चटईची बदनामी खपवून घेतली जाणार नाही 😄 आमचं अर्धं एमआयडीसी त्यावर चालतं.

ओमचा_नियम
भरीतराव, चटई उत्तमच असते, पण बसायला. ती पॉलिप्रॉपिलीनची. एप्रिल-मेच्या दुपारी तिच्यावर काहीही घासलं की चार्ज साठतो आणि तिथेच बसून राहतो, कारण वाहून जायला वाट नाही.

मॅडम, तुम्हाला झटका जाणवला ना? माणसाला स्टॅटिकचा झटका जाणवायलाच साधारण 3000 व्होल्ट लागतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या काही फेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) आणि सीमॉस चिपा 100 व्होल्टच्या आतच घायाळ होतात. म्हणजे आपल्याला कळतही नाही आणि तिकडे काम झालेलं असतं. त्यातही वाईट हे, की चिप दर वेळी जागीच मरत नाही. अर्धमेली होते. आज चालते, महिन्याभराने नॉइज वाढतो, दिवाळीनंतर बंद पडते, आणि आपण दोष देतो व्होल्टेजच्या चढउताराला.

टेबलावर हवी ती डिसिपेटिव्ह मॅट, जी चार्ज हळूहळू अर्थकडे सोडते. तिच्या कोपऱ्यावर बटण असतं, त्यातून एक मेगओमच्या रेझिस्टरमार्गे वायर अर्थला. मॉड्यूल हाताळताना मनगटाला बांधून अर्थला जोडायचा पट्टा असतो, त्यातही तोच एक मेगओम असतो. तो शोभेला नाही. चुकून तुमचा हात 230 व्होल्टला लागलाच, तर करंट पाव मिलिअँपच्या आसपास अडवायला आहे. तो काढून साधी वायर लावणारे महाभाग मी पाहिले आहेत.

चौकस_चाळीसगाव
पट्टा नसेल तर नळाच्या पाइपला क्लिप लावली तर चालते ना? कुठेतरी वाचलं होतं.

भुसावळ_लोको
चाळीसगावकर, तुमच्या घरी नळाचा पाइप कशाचा आहे ते एकदा बघून या. खानदेशात बसून पाइपला अर्थ करायला निघालात! अख्ख्या भारताला पीव्हीसी पाइप पुरवणारा मुलूख आपला.

चौकस_चाळीसगाव
😂 बघून आलो. पीव्हीसीच.

जुना_सहायक
पांझराकाठ ताई, इतकं घाबरायचं कारण नाही. माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. आम्ही चालू बिनमधून मॉड्यूल काढलीही आणि घातलीही. कोणाला पट्टा ठाऊक होता? सुती शर्ट, पायात चामडी चप्पल आणि हात आधी बिनच्या पत्र्याला लावायचा. बस.

बिन बंद करण्याला माझा विरोध का, तेही सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर तापून स्थिर व्हायला अर्धा तास सहज जातो. तोवर सीझियमच्या गॅमा किरणांचं 662 केईव्ही ऊर्जेचं शिखर सरकत राहतं. प्रॅक्टिकलचे तीन तास. त्यात दोनदा बिन बंद केलं तर पोरांनी रीडिंग घ्यायचं कधी?

बिनतारी
सहायककाका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून विरोध करतो. मी काही वर्षं दिल्लीला एका अ‍ॅक्सलरेटर लॅबमध्ये होतो, आता शहाद्याला शेती आणि थोडं रिपेअरिंग करतो.

निमच्या मागच्या कनेक्टरला 42 पिनांच्या जागा असतात. 10 आणि 11 वर अधिक-उणे 6 व्होल्ट, 16 आणि 17 वर 12, 28 आणि 29 वर 24. ग्राउंड 34 आणि 42 वर. मॉड्यूल रेल्समधून आत सरकवताना ते केसभर जरी तिरपं असलं तरी कोणती पिन आधी टेकेल याचा भरवसा नाही. समजा उणे 24 आधी आत गेलं आणि ग्राउंड मागून आलं, तर तो करंट परतायला वाट शोधतो. ती वाट म्हणजे तुम्ही पुढच्या बाजूला लावून ठेवलेल्या बीएनसी (सिग्नलच्या) केबलची जाळी, आणि तिच्या टोकाला असतो डिटेक्टरचा सिग्नल आधी वाढवणारा प्रीअ‍ॅम्प्लिफायर. ऑप-अ‍ॅम्पला एकाच बाजूचा सप्लाय मिळाला की तो काय करेल हे त्याचं तोच जाणे.

आणखी एक. मूळ मानकात 33 आणि 41 या पिनांवर चक्क 117 व्होल्ट एसी नेमून दिलेलं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच बिनमध्ये त्या वायरी जोडलेल्याच नसतात, पण जुनं परदेशी बिन असेल तर आधी उघडून बघा. मागे हात घालून पिना चाचपायची सवय तिथे महागात पडेल.

तापण्याचा मुद्दा काकांचा बरोबर आहे. पण त्यावर तोडगा सोपा: त्या दिवशीच्या प्रयोगाला लागणारी सगळी मॉड्यूल सकाळीच बसवायची आणि पोरं यायच्या तासभर आधी बिन चालू करायचं. मध्ये काढघाल करायची वेळच येऊ द्यायची नाही. एखाद्या मॉड्यूलच्या मॅन्युअलमध्येच चालू बिनमध्ये घालायला हरकत नाही असं स्पष्ट छापलं असेल, तर त्या मॉड्यूलपुरतं करा.

जुना_सहायक
मॅन्युअल! आमच्या वेळी मॅन्युअल एचओडींच्या कपाटात असायचं, आणि कपाटाची किल्ली एचओडींच्या घरी.

सातपुडा_पायथा
भो, इतलं सगळं वाचीसन माले वाटस, हाई बिन ठेवापेक्षा म्हैस पाळानी बरी. पह्यले अर्थिंग देखा, मंग बाकीनं.

ओमचा_नियम
पायथाभाऊ गमतीत बोलले, पण मुद्द्याचं बोलले. मॅट, पट्टा, बिनची बॉडी, सगळ्यांची दोरी शेवटी अर्थच्या खड्ड्यात जाते. आणि आपली जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थ छान मिळतो. मेमध्ये तीच जमीन भेगाळते, मातीने पट्टीची किंवा प्लेटची पकड सोडलेली असते आणि अर्थचा रेझिस्टन्स चढतो. डिसेंबरमध्ये इलेक्ट्रिशियनने मोजून दिलेला आकडा मेमध्ये लागू होत नाही.

नव्या इमारतीत सामान चढवण्याआधी मेमध्येच अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. खड्ड्यावर फनेल असेल तर उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहा. कॉलेजात हे काम कोणाचंच नसतं म्हणून ते होत नाही, तर माळीकाकांच्या यादीत टाका. शिवाय सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मीटरने बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर कुठेतरी गडबड आहे. अगदी शून्य आलं तरी खुश होऊ नका, भार चालू असताना पुन्हा बघा. काही वायरमन सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थला तुकडा जोडून मोकळे होतात.

भुसावळ_लोको
हे शंभर टक्के खरं. आणि थ्री-पिन टॉपची वरची जाड पिन तोडून टू-पिन बोर्डात घुसवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. सोल्डरिंग आयर्नचीही तोडलेली असते. मग त्या बिनअर्थच्या आयर्नने लाखाच्या मॉड्यूलवर डाग द्यायचा.

केळीचं_घड
ऑसिलोस्कोपची अर्थ पिन आम्ही मुद्दाम काढतो. पडद्यावर हम दिसायचा तो जातो.

बिनतारी
केळीभाऊ, हम जातो आणि स्कोपची बॉडी अधांतरी होते. जवळच हाय व्होल्टेज युनिट आहे हे विसरू नका. माणूस जायचा अशाने.

हम घालवायचा तर आधी तो कोणता हे बघा. 50 हर्ट्झचा असेल तर ग्राउंड लूप (वेगवेगळ्या अर्थमधून फिरणारा करंट) किंवा बाहेरून घुसलेला. बिन, स्कोप, कॉम्प्युटर, सगळे एकाच बोर्डवर, एकाच अर्थवर आणा, बराचसा जाईल. 100 हर्ट्झचा असेल तर तो रेक्टिफायरच्या मागून येतोय, म्हणजे बिनच्या सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. दोन्हीला औषध वेगळं.

केळीचं_घड
हे माहीत नव्हतं. उद्याच पिन लावतो.

चौकस_चाळीसगाव
एक बाळबोध प्रश्न. हवा कोरडी म्हणूनच स्टॅटिक ना? मग लॅबमध्ये डेझर्ट कूलर लावला तर? उन्हाळ्यात सगळीकडे असतोच.

वांग्याचं_भरीत
बाळबोध कसला, मला हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला.

ओमचा_नियम
अर्धं उत्तर हो. आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर स्टॅटिकचा जोर बराच उतरतो. गालिच्यावर चालल्यावर अंगावर साठणाऱ्या चार्जचे आकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकांत नेहमी देतात: अतिकोरड्या हवेत 35,000 व्होल्टपर्यंत, दमट हवेत 1,500 च्या आसपास. फरक केवढा बघा. आपल्याकडे मेच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांच्याही खाली जाते, आणि एसी लावला तर तो त्यातलीही थोडी ओल काढूनच घेतो.

अर्धं उत्तर नाही. कूलर खिडकीतून बाहेरची हवा ओढतो, म्हणजे रस्त्याची धूळही. शेजारी जिनिंग असेल तर कापसाचा बारीक तंतूही. वाळ्याच्या जाळीतून सगळंच काही गाळलं जात नाही. आणि आपलं बोअरचं पाणी क्षाराचं. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो ना? बारीक तुषार उडाले तर तेच क्षार कनेक्टरवर बसतात.

पांझराकाठ
म्हणजे लावायचा की नाही? 🙂

ओमचा_नियम
लावायचा, पण व्हरांड्यात किंवा शेजारच्या खोलीत. गारवा आणि ओल दारातून येऊ द्यायची, झोत बिनवर पडता कामा नये. भिंतीवर एक आर्द्रतामापक लावा आणि काटा साठच्या वर गेला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा.

भुसावळ_लोको
मी असहमत. लॅबमध्ये पाण्याची यंत्रं नकोतच. मॅट, पट्टा आणि सुती कपडे नीट पाळले तर आर्द्रता कितीही असो, काम होतं. आम्ही कंट्रोल कार्ड बदलतो ती काय एसीत बसून नाही, भर उन्हात तापलेल्या शेडमध्ये बदलतो. शिस्त असली की कूलर लागत नाही.

कापूसकोंड्या
लोकोभाऊ, तुमच्याकडे ठरलेली चार माणसं कार्डाला हात लावतात. यांच्याकडे दर वर्षी नवी पोरं, अंगात पॉलिस्टरचा युनिफॉर्म. शिस्त दर जूनमध्ये शून्यापासून सुरू होते. मॅडम, अ‍ॅप्रन तरी सुती सक्तीचा करा.

भुसावळ_लोको
हे मान्य. पण कूलरचं नाही.

नंदुरबारची_लेक
कोणी हाय व्होल्टेजबद्दल बोललंच नाही. पीएच.डी.त माझं सगळं काम डिटेक्टरवर झालं, म्हणून लिहितेय.

बिन बंद करायच्या आधी हाय व्होल्टेजचा नॉब सावकाश शून्यावर आणायचा, मिनिटभर थांबायचं, मग त्याचं बटण बंद, मग बिनचं. चालू करताना आधी बघायचं की नॉब शून्यावरच आहे ना, आणि पोलॅरिटी डिटेक्टरला हवी तीच आहे ना. काही युनिटांत पोलॅरिटी झाकण उघडून आतून बदलावी लागते, त्यामुळे आधीच्या मालकाने काय ठेवली होती ते बाहेरून दिसत नाही. तुमचं सामान दुसरीकडून आलंय, तर हे पहिल्याच दिवशी बघा. सोडियम आयोडाइडमधला प्रकाश टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायरला हजारेक व्होल्ट लागतात, अचूक आकडा डिटेक्टरच्या कागदावर असेल. तिथवर पन्नास-शंभरच्या पायऱ्यांनी चढायचं.

व्होल्टेज चालू असताना केबल काढायची नाही. एकदम तुटलेलं किंवा एकदम चढवलेलं व्होल्टेज कपलिंग कपॅसिटरमधून थेट प्रीअ‍ॅम्प्लिफायरच्या फेटवर धक्का देतं. सिलिकॉन आणि जर्मेनियमच्या डिटेक्टरांत हा फेट हमखास जातो.

कनेक्टरचंही बघा. हाय व्होल्टेजचं आजचं कनेक्टर, एसएचव्ही, बीएनसीत बसतच नाही, तशी त्याची रचनाच आहे. पण जुन्या युनिटांवर एमएचव्ही हे त्याआधीचं कनेक्टर असतं. ते दिसायला बीएनसीसारखं, आणि जोर लावला तर बीएनसीवर चढतं सुद्धा. मग सिग्नलच्या वाटेने हजार व्होल्ट! जुनं सामान असल्यामुळे हे मुद्दाम लिहिलं. अशा कनेक्टरवर लाल टेप गुंडाळा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: हाय व्होल्टेज चालू असताना मनगटावर अर्थचा पट्टा नको. वर सगळ्यांनी पट्ट्याचं कौतुक केलंय, पण तो बंद मॉड्यूल हाताळताना. चालू हाय व्होल्टेजजवळ स्वतःला अर्थ करून उभं राहणं हा वेडेपणा आहे.

बिनतारी
ताईंचा शेवटचा परिच्छेद प्रिंट काढून भिंतीवर लावा.

जुना_सहायक
लेकीने बरोबर लिहिलं. आम्ही डावा हात पाठीमागे ठेवायचो. साहेब नवीन पोरांना पहिल्या दिवशी तेवढंच शिकवायचे.

आता मॉड्यूल साफ करायचं सांगतो. कॅमॅकच्या कार्डाची सोनेरी कड काळवंडते. साधा खोडरबर घ्यायचा, हलक्या हाताने घासायचा, चकाचक.

ओमचा_नियम
काका, आज तुमच्याशी भांडायचंच ठरवलंय असं समजू नका, पण खोडरबर नको. कॅमॅक मॉड्यूलच्या कडेला 86 संपर्क असतात आणि त्यांच्यावरचा सोन्याचा थर अगदी पातळ. रबर तो खरवडतो. चकाकतं ते खालचं निकेल किंवा तांबं. पुढच्या पावसाळ्यात तेच हिरवं पडतं. शिवाय रबर घासणं म्हणजे स्टॅटिक, आणि रबराचा चुरा सॉकेटमध्ये.

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तंतू न सुटणाऱ्या कापडावर, आणि एकाच दिशेने पुसा.

जुना_सहायक
आणि ते मिळालं नाही तर?

ओमचा_नियम
मिळतं हो. जळगावात मोबाइल रिपेअरवाल्यांच्या गल्लीत बाटलीने मिळतं.

जुना_सहायक
बरं. पण माझी रबर लावलेली कार्डं माझ्या निवृत्तीपर्यंत चालली, एवढं नोंदवून ठेवतो.

वांग्याचं_भरीत
नोंदवलं. दोन्ही पक्षांना भरीत-भाकरी माझ्याकडून, पण हंगामातच या. वांगं हिवाळ्याचं, बामणोदचं, आणि भाजायचं कपाशीच्या काड्यांवर.

केळीचं_घड
कळण्याची भाकरी असेल तर मी पण येतो.

चौकस_चाळीसगाव
धाग्यावर परत येऊ या का 😅 धूळ काढायला काय वापरावं? आमच्याकडे कॉम्प्रेसर आहे.

भुसावळ_लोको
पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात तेल आणि पाणी दोन्ही असतं. घरचा व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या प्लास्टिकच्या नळीवरच चार्ज बनतो. मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश आणि हातपंपाचा ब्लोअर पुरे. पंख्याची पाती साफ करताना बोटाने धरून ठेवायची, नाहीतर हवेने गरागरा फिरतात आणि मोटर उलटं व्होल्टेज तयार करते.

पंख्यावरून आठवलं. बिन उन्हाळ्यात भरगच्च भरू नका. बारा जागा आहेत म्हणून बाराही भरायच्या नसतात. हवा खालून वर जाते, तापणाऱ्या मॉड्यूलशेजारी एक जागा रिकामी सोडा. रिकाम्या जागेला पुढून कोरी पट्टी लावाच. ती नसेल तर हवा पुढूनच निसटते, आणि पाल आत जाते. पाल आणि पॉवर सप्लाय यांची गोष्ट कशी संपते ते इथे लिहीत नाही.

नंदुरबारची_लेक
लोकोदादांना जोड देते. बहुतेक निम मॉड्यूल 50 अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. पण ते 50 म्हणजे मॉड्यूलभोवतीची हवा. बाहेर 45 असताना बंद खोलीतल्या बिनच्या आत किती होईल याचा अंदाज करा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर 10 अंशांमागे साधारण निम्मं होतं. म्हणून उन्हाळ्यात प्रयोग सकाळच्या सत्रात ठेवा. आमच्याकडे शाळाही सकाळचीच होते, लॅब का नको?

पावसाळ्यात उलटा त्रास. आर्द्रता ऐंशीच्या वर, हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर गळती, मोजणीत उगाच उड्या. तेव्हा बिन आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवलं की स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. कपाटात सिलिका जेल ठेवा. निळं असेल तर गुलाबी झाल्यावर भाजून पुन्हा वापरा, पण ते वेगळ्या भांड्यात, स्वयंपाकाच्या कढईत नाही. एसी संध्याकाळी बंद करून खिडक्या उघडू नका, गार पत्र्यावर दव धरतं.

पांझराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. चटई काढली. मामांना वाईट वाटलं, पण आता ती त्यांच्या खोलीत आहे आणि ते खुश आहेत. मॅट आणि पट्टे मागवलेत. मूळ प्रश्नातला एक भाग मात्र राहिला: टेम्पोने न्यायचं कसं?

बिनतारी
मॉड्यूल बिनमध्ये ठेवून नेऊ नका. खड्ड्यात टेम्पो आदळला की सगळं वजन मागच्या कनेक्टरवर येतं. वरचे-खालचे स्क्रू सैल करून प्रत्येक मॉड्यूल सरळ बाहेर ओढा, पुढच्या कनेक्टरांना धरून नाही. लेमोची केबल असेल तर कनेक्टरच्या अंगाला धरून ओढा, वायरला धरून ओढली तर सुटत नाही, तुटते.

पिशव्या दोन प्रकारच्या मिळतात. गुलाबी पिशवी स्वतः चार्ज होत नाही, पण बाहेरच्या चार्जपासून वाचवत नाही. करड्या चंदेरी पिशवीत धातूचा थर असतो, ती वाचवते. मॉड्यूल चंदेरीत घाला, तोंड दुमडून बंद करा आणि मग बाहेरून फोम. साधा बबल रॅप मॉड्यूलला थेट लावू नका. बिन वेगळ्या खोक्यात. टेम्पो पहाटे काढा.

नंदुरबारची_लेक
डिटेक्टर टेम्पोत ठेवूच नका, कोणीतरी गाडीत मांडीवर घेऊन बसा. सोडियम आयोडाइडचा स्फटिक तापमान झटक्यात बदललं की तडकतो, आणि त्याचं सील गेलं तर हवेतली ओल शोषून पिवळा पडतो. थर्मोकोलच्या पेटीत ठेवा आणि नव्या लॅबमध्ये पोहोचल्यावर रात्रभर पेटी उघडू नका. तापलेल्या गाडीतून काढून थेट एसीसमोर अजिबात नाही.

कापूसकोंड्या
मांडीवर घेतलेला डिटेक्टर आणि धुळ्याचे स्पीडब्रेकर. देव रक्षण करो.

केळीचं_घड
ते कॅमॅक क्रेट कोणाला नको असेल तर मी न्यायला तयार आहे. त्याचा पॉवर सप्लाय दणकट असतो.

पांझराकाठ
डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली आहे हो, आता ते माझ्याबरोबरच निवृत्त होणार.

पांझराकाठ
हलवाहलव झाली, सगळं सुखरूप. अर्थ मोजून घेतला, खड्ड्यात पाणी घालायला सुरुवात केली. सगळी मॉड्यूल बाहेर ठेवून रिकामं बिन चालू केलं आणि पुढच्या चाचणी सॉकेटांवर मीटरने व्होल्टेज बघितली. 6 आणि 12 दोन्ही बाजूंनी बरोबर. अधिक 24 बरोबर. उणे 24 रिकाम्या बिनला 24.0, पण अ‍ॅम्प्लिफायर घातला की 23.1 वर येतं आणि स्कोपवर 100 हर्ट्झचा करवतीसारखा आकार दिसतो. अ‍ॅम्प्लिफायर लगेच काढला (बिन बंद करून!). हे बिन पुण्याला बराच काळ पडून होतं असं आता कळलं.

बिनतारी
निदान तुम्हीच केलंत. 24 च्या ओळीला इतकी घसरण चालत नाही, ती रेग्युलेटेड असते. रिकामं असताना ठीक आणि भाराखाली 100 हर्ट्झ, म्हणजे उणे 24 चा फिल्टर कपॅसिटर सुकलाय. रेग्युलेटरला खालून पुरेसं व्होल्टेजच मिळत नाही. पुढच्या ट्रिमरने (व्होल्टेज जुळवायच्या स्क्रूने) 24 वर ओढून आणायचा मोह टाळा.

बिन बंद, प्लग बाहेर, पाच मिनिटं थांबा, मग कपॅसिटरच्या दोन टोकांवर रेझिस्टर धरून डिस्चार्ज करा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला. नवीन कपॅसिटर 105 अंशांचा घ्या, 85 चा नको. व्होल्टेज रेटिंग जुन्याइतकं किंवा त्याहून जास्त. अधिक 24 चाही त्याच वयाचा आहे, दोन्ही एकदम बदला.

आणि लिनिअर सप्लाय असेल, म्हणजे मागे जड ट्रान्सफॉर्मर असेल, तर पहिल्यांदा डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) हळूहळू व्होल्टेज वाढवत चालू करा. पडून राहिलेल्या बाकीच्या कपॅसिटरांनाही सावरायला वेळ मिळतो. स्विचिंग सप्लायला मात्र डिमरस्टॅट लावू नका.

जुना_सहायक
डिमरस्टॅट नसेल तर शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. यावर तरी ओमचा_नियम भांडणार नाहीत.

ओमचा_नियम
नाही भांडत काका. मी स्वतः तोच लावतो.

पांझराकाठ
उघडून बघितलं, ट्रान्सफॉर्मर आहे. 33 आणि 41 च्या पिनांना वायरी नाहीत. कपॅसिटरवर 4700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट, 85 अंश असं छापलंय. तेवढेच 105 चे, 63 व्होल्टचे जळगावात मिळतील का कोणाला माहीत?

केळीचं_घड
मिळतील. शनिवारी जळगावला येतोय, चार घेऊन ठेवतो. जुन्या कपॅसिटरची उंची आणि बुडाचा व्यास मोजून पाठवा, क्लॅम्पमध्ये बसला पाहिजे.